क्रीटमधला डिसेंबर

आपल्याकडे दिवाळीनंतर छत्री माळ्यावर जाते. त्याच हिशेबाने मी डिसेंबरात क्रीट बेटाची तिकिटं काढली. तिथला पावसाळा हिवाळ्यातच असतो, हे ठाऊकच नव्हतं. बायकोला निळा समुद्र पाहायचा होता. खिडकीबाहेर राखाडी समुद्र आणि काचेवर सरी! तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

"जूनमध्ये यायचं होतं," घरमालकीण हळहळली आणि अंगणातली ओली संत्री ठेवून गेली.

बायकोने पर्समधली तिखटमिठाची पुडी सोडली. "अहो, तोंड काय पाडून बसलात? डोंगर बघा, श्रावणातल्यासारखे हिरवेगार. जूनमध्ये वाळून पिवळे पडतात म्हणे."

तिने ओढणीने काचेवरची वाफ पुसली. मग मीही संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि तो राखाडी समुद्र पहिल्यांदाच नीट पाहिला.