मुंबईचं पोतं

दर जानेवारीत गावाहून आमच्या परळच्या घरी तांदळाचं एक पोतं येतं. काकी पाठवते. पोतं डब्यात रिकामं करण्याआधी मी त्याचं वजन करतो. आधी काट्यावर एकटा उभा राहतो, मग पोतं छातीशी धरून, आणि मग वजाबाकी करतो. अलीकडे दुसऱ्या वेळी उभं राहताना गुडघे बोलतात. बायको म्हणते, "घरच्या तांदळाचं वजन करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही." पण मी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात साठा मोजायचं काम करतो. न मोजता काही आत घेणं मला जमत नाही. वहीत बावीस वर्षांचे आकडे आहेत. सगळ्यात कमी सत्तेचाळीस किलो, सगळ्यात जास्त एक्कावन्न.

या वहीचा मला अभिमान होता. मुलगी संशोधन करू लागली तेव्हा मी ती तिच्यापुढे ठेवली. तिचा विषय असा: पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, तर कोकणातली शेतकरी घरं काय बदल करतात आणि त्यांचं धान्य वर्षभर पुरतं का. मी म्हटलं, "आपल्या गावाला तसा काही फरक पडलेला नाही. बघ, बावीस वर्षांत चार किलोचा फरक." तिने वही चाळली आणि परत दिली.

तिचं म्हणणं होतं की प्रश्न विचारले की लोक पाहुण्याला बरं वाटेल ते सांगतात. म्हणून तिने एक खेळ तयार केला होता. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक घर, पाच माणसांचं. भाताच्या जागी चिंचोके. दर वर्षी पावसाचं एक पान उघडायचं, त्यावर पीक किती ते लिहिलेलं. मग आलेले चिंचोके कशासाठी किती ते ठरवायचं आणि तशा वाट्यांत टाकायचे. अशी पाच वर्षं. खेळता खेळता माणूस खरं वागतो, असं ती म्हणायची.

वाट्यांचा तक्ता मी करून दिला होता. पहिली वाटी खाण्याची: महिन्याला दोन चिंचोके, वर्षाचे चोवीस. दुसरी बियाण्याची, चार. तिसरी उरलेल्याची, त्यातून विकायचं, मुंबईला धाडायचं, काय ते. पहिली भरल्याशिवाय दुसरीला हात नाही, असा नियमही मीच घातला होता.

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी हा खेळ एकदा परत केला होता. "शहरातल्या माणसाने टेबलाशी बसून केलेला वाटतो," म्हणाल्या होत्या. नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्या स्वतः बघायला येणार होत्या. तेव्हाही जमलं नाही, तर खेळ त्या वर्षी गावात जाणार नव्हता. भाताची कापणी-मळणी झाल्यावर लोकांना जरा सवड असते, पुढे काजू-आंबा सुरू होतो. ती सवड हुकली की मुलीचं एक वर्ष गेलं.

लालबागच्या एका चाळीत आमच्या गावाची एक खोली आहे, दहा बाय बारा. गिरणीत लागलेली गावची माणसं एकेकाळी तिथे पाळीपाळीने झोपायची. आता तिथे सभा होतात आणि भजनाचे टाळ ठेवलेले असतात. त्या रविवारी दुपारी आम्ही तिथे चटई टाकली. चौघे खेळायला बसलो, त्यात आमचे भजनीबुवाही. माझ्या शेजारी त्याच चाळीतल्या मावशी होत्या. तीस वर्षं भाताची शेती केल्यावर मुलाने त्यांना मुंबईला आणलेलं. मॅडम कोपऱ्यात खुर्चीवर, मांडीवर वही.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. चाळीस चिंचोके. सगळ्यांच्या वाट्या भरल्या आणि वर्षअखेर रिकाम्या झाल्या. दुसऱ्या वर्षी पान उघडलं: ऐन कापणीला पाऊस, भात आडवं. प्रत्येकी बावीस.

मी तक्त्याप्रमाणे बावीसच्या बावीस खाण्याच्या वाटीत टाकले. मावशींनी चार उचलून बियाण्यात टाकले, चार तिसऱ्या वाटीत, आणि उरलेले चौदा खाण्याच्या.

मी म्हटलं, "मावशी, चुकलं. आधी खाण्याची वाटी भरायची. तुमचं घर सात महिन्यांत उपाशी."

"उपाशी कित्याक? नाचणी आसा, कुळीथ आसा. रात्रीची पेज."

"पण बियाणं एक वेळ समजतो मी. तिसरी वाटी उरलेल्याची आहे. तुमच्याकडे उरलंय कुठे?"

"ता उरलेला नाय. ता मुंबयचा पोता."

"तेच म्हणतोय. पोतं उरलं तर पाठवायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उरलेला कोंबड्यांका घालतत रे. माणसाक धाडूचा ता आधी काढूचा."

समोर बसलेले भजनीबुवा हसले. मी मुलीकडे बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं. खेळाडू नियम मोडतोय आणि मॅडम भराभर लिहितायत. मी सावरायला गेलो, "मॅडम, यांना नियम नीट समजला नाही, पुन्हा सांगतो."

"माका सगळा समाजला," मावशी म्हणाल्या. "तू तुझा बग. पुढच्या वर्साक पेरतलस काय? चिंचोके?"

मी बघितलं. माझ्या बियाण्याच्या वाटीत काही नव्हतं. पोटभर जेवलेलं माझं घर तिसऱ्या वर्षी खेळातून बाहेर पडलं.

मॅडम खुर्चीवरून उठून चटईवर येऊन बसल्या. "आजी, इतक्या वाईट वर्षी मुंबईला नाही पाठवलं तर चालणार नाही?"

"चलात मां. पण पोता इला नाय तर झिलाक काय वाटतला? हयसर काय तरी बिनसला म्हणान. तो थय खोलयेत बसान घोर करतलो. त्यापरास धाडलेला बरा."

"म्हणजे मुलाला तिकडे काळजी नको म्हणून. आणि घरात कमी पडेल ते कोण सोसतं?"

"जो पानात वाढता तो," मावशी म्हणाल्या आणि पुढचं पान मागू लागल्या.

त्यानंतर मी खेळात नव्हतो, त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला. सत्तेचाळीस ते एक्कावन्न. गोदामात एखाद्या मालाचा आकडा बावीस वर्षं हलला नाही, तर मी नोंद करणाऱ्यावर संशय घेतला असता. इथे मी त्याला गावाची खुशाली समजलो होतो. पोतं इतकं सारखं भरायचं, कारण ते मापून, सगळ्यात आधी, बाजूला काढलेलं असायचं.

मावशींचं घर पाचही वर्षं टिकलं. मुलीने मॅडमना विचारलं, "नियम मोडला गेला. चाचणी बाद धरायची का?"

"नियम कोणी घातला?"

"मी," मी म्हटलं. "चूक माझी आहे. तक्ता उलटा आहे."

मॅडम म्हणाल्या, "मग काढून टाका. वाट्या ठेवा, क्रम लोकांना लावू दे. आणि खाण्याची एक वाटी नको, माणशी एक ठेवा. एवढं केलंत तर मंगळवारी मी सही करते."

सोमवारी रजा टाकून मी लालबागच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या चाळीस वाट्या आणल्या. तक्ता फाडायला घेतला. मुलगी म्हणाली, "बाबा, फाडू नका, ठेवते मी. प्रबंधात लागेल."

ती डिसेंबरात गावी गेली आणि जानेवारीत टेम्पोने पोत्यासकट परत आली. काकीही खेळली होती. तिनेही आधी बियाणं काढलं आणि मग मुंबईचं, कोणी न सांगता. मुलीने त्या वर्षीचं खरं पीक विचारलं, तर काकी म्हणाली, "बापाशीक काट्यार उभो रवान कळता मां, तेकाच इचार."

मी काकीला फोन लावला. म्हटलं, "काकी, पुढच्या वर्षी पीक बघून पाठव. कमी आलं तरी मी काही मनात आणणार नाही."

"ह्या वर्साक कमी भरला काय रे?"

"नाही. पन्नास भरलं."

"मगे झाला तर. गप खा."

संध्याकाळी बायकोने नव्या तांदळाची पेज केली, वर तुपाची धार. वहीत मी एक नवा रकाना आखला आहे, गावच्या पिकाचा. त्यातला पहिला आकडा मुलीने भरला. काकीने नव्हे, माझ्या चुलतभावाने तिला हळूच सांगितलेला. तो चांगला नाही. पण वाचून मी फोनवर पुन्हा काही बोललो नाही. मे महिन्यात जायचं ठरवलं, पावसाआधी काकीच्या घराची कौलं परतायला. नेहमी मी चार दिवस जातो, यंदा पंधरा दिवसांची रजा टाकली आहे.