सुळ्यावरची रेघ

विभागात सगळे त्यांना हाडवाल्या बाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई'. रस्ता रुंद करताना कुणाच्याच आठवणीत नसलेली एक जुनी दफनभूमी लागली होती. तिथले सांगाडे विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत आले आणि ते साफ करून, मापून, ती माणसं कशी जगली हे शोधायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. तेव्हा त्या तरुण होत्या. आता मान अवघडलेली, चष्मा जाड झालेला, आणि नोकरी अजून तात्पुरतीच.

लहान मुलांच्या पेट्या त्यांनी कायम मागे ढकलल्या होत्या. पण टाळून टाळून किती टाळणार? एका सकाळी त्यांनी मऊ ब्रश घेतला आणि एक इवलासा जबडा पुढ्यात ओढला. भिंगाखाली दातांवर आडव्या रेघा दिसल्या, नखानं ओरखडल्यासारख्या. दुसऱ्या पेटीतल्या जबड्यावरही तेच. हिरडीच्या आत दात घडत असताना मूल उपाशी राहिलं किंवा फार आजारी पडलं, की घडण थबकते आणि तिथं रेघ राहते. ती पुढे कधी बुजत नाही.

विभागप्रमुख डोकावले. "दुष्काळ! वा. तसंच लिहा अहवालात."

"सर, ताप असेल, हगवण असेल. नुसत्या रेघेवरून कळत नाही."

"बाई, 'कळत नाही' हे वाचायला कोण येतंय?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. "बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ताईची दाढ ठणकायला लागली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघी एकत्र राहत. जन्मभर लोकांचे कपडे इस्त्री करून ताईचे खांदे गेले होते, तरी दवाखाना म्हटलं की ती पाय मागे घेई. बाईंनी तिला खिडकीशी बसवलं.

"आ कर."

"मी काय तुझ्या टेबलावरची आहे?"

"कर गं."

दाढ किडलेली होतीच. पण बाईंची नजर अडकली सुळ्यावर. हिरडीच्या जरा वर एक ठळक आडवी रेघ. रेघेच्या जागेवरून वयाचा अंदाज येतो; ही चौथ्या वर्षाच्या आसपासची. सगळं आयुष्य या तोंडासमोर बसून जेवण झालं होतं, आणि ती कधी दिसली नव्हती.

"ताई, चार वर्षांची असताना तुला काय झालं होतं?"

"तू झाली होतीस."

"चेष्टा नको."

"चेष्टा कसली? सातव्या महिन्यातच आलीस. आई तुला घेऊन दवाखान्यात पडून, बाबा कामावर. मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. त्या बिचाऱ्या ताट वाढायच्या, पण माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. मला वाटायचं, आई मेली. कुणी सांगितलंच नव्हतं ना काही."

"कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं? आली की आई परत. आता तोंड मिटू का? लाळ गळतेय."

दुसऱ्या दिवशी दाढ काढली. ताई गालाला फडकं लावून झोपून राहिली, आणि बाई तिच्या उशाशी बसून अहवाल लिहीत राहिल्या. मुलांची वाढ थांबली होती हे नक्की. कशानं, ते सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. प्रमुखांनी ते वाक्य खोडून दुष्काळ घातला. तेव्हा मात्र बाई कुरकुरते गुडघे घेऊन जिना चढून गेल्या.

"हे वाक्य ठेवा, नाहीतर माझं नाव काढा."

प्रमुखांनी कपाळ चोळलं. तेही दमलेलेच होते. "ठेवा, बाई. पण कुठे ठेवायचं ते मी ठरवणार."

अहवाल छापून आला तेव्हा वाक्य होतं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. वर मथळ्यात दुष्काळ. बाईंनी ते वाचलं आणि पुस्तिका मिटली. रागवावं असं वाटलं, पण राग काही वर येईना.

पुढे ती खोली संगणकांसाठी हवी झाली. सांगाडे तळघरात हलवायचं ठरलं. हमाल पेट्या आदळत होते, म्हणून मुलांच्या पेट्या बाईंनी स्वतः उचलल्या, एकेक करून. शेवटची ठेवल्यावर त्या तिथंच पायरीवर टेकल्या. खाली उजेड नव्हता. उद्या दिव्यासाठी अर्ज करायला हवा, त्यांच्या मनात आलं.