तीनचं दीपगृह

आर्डिस कोस्केलाचं काम मिठासारखं होतं. नीट पडलं तर कोणी नावही काढत नाही, चुकलं की सगळा गाव तोंड वाकडं करतो. अमेरिकेत सरोवराकाठी वसलेल्या डुलुथच्या एका लहानशा टीव्ही चॅनेलच्या मास्टर कंट्रोलमध्ये ती बसायची. बातम्या कोण सांगतं, हवामान कोण सांगतं, हे गावाला ठाऊक. पण बातम्या संपल्या की गादीवाल्याची जाहिरात आणि लगेच मालिका, हे सगळं पडद्यावर ढकलतं कोण, याची फिकीर कोणाला? लोकांना वाटायचं, आपोआप होतं. आणि अलीकडे ते बरंचसं खरोखरच आपोआप व्हायला लागलं होतं, हीच तर मेख होती.

ती लागली तेव्हा टेपा होत्या. एक संपायच्या आत दुसरी खोचायची, बाथरूमला जायचं ते लांबलचक सिनेमा चालू असताना. मग सॉफ्टवेअर आलं. दिवसभराची यादी समोर दिसते, एकेक ओळ वर सरकत जाते. हिरवी ओळ म्हणजे चालू आहे ती. लाल म्हणजे फाइल पोचलेलीच नाही, आता कर धावाधाव. आर्डिसने ते महिन्याभरात आत्मसात केलं, पण भरवसा कधी ठेवला नाही. "गडी कामाला वाघ आहे," ती म्हणायची, "पण अक्कल गहाण टाकून आलाय. सांगाल तेवढंच करतो."

तिची एकच चूक गावाच्या लक्षात राहिली. शाळांच्या हॉकी स्पर्धेचा सामना थेट चालू होता. थेट कार्यक्रमाला होल्ड लावावा लागतो, म्हणजे वेळ संपली तरी यादी जागची हलत नाही. त्या दिवशी इंजिनिअर डेनी मॅटिला बायकोने केलेला ब्लूबेरीचा केक घेऊन आला, दोघांच्या गप्पा रंगल्या आणि होल्ड राहून गेला. जादा वेळेतला विजयी गोल झाला त्या क्षणी गावाने पाहिली ती गादी. पुढे कित्येक वर्षं किराण्याच्या दुकानात लोक विचारायचे, "काय आर्डिस, खपली का गादी?"

"एक ठेवलीय तुझ्यासाठी," ती म्हणायची. "डोक्याला मऊ लागेल."

आता दीपगृहाचं. दर तासाच्या ठोक्याला चॅनेलने आपलं नाव आणि गाव दाखवायचं, असा कायदाच आहे. त्यासाठी दहा-दहा सेकंदांच्या पाच-सहा फिती होत्या: पूल, बर्चची झाडं, बर्फातले स्कीवाले, सरोवरावरचं दीपगृह. कोणती कधी लावायची ते ज्याचा हात बटणावर त्याने ठरवायचं. पाहणारं कोणी लक्ष देत नाही.

एक माणूस देत होता. तिचा नवरा रूबेन.

रूबेनने सारी उमर लोहखनिजाच्या बोटींवर सुकाणू धरण्यात काढली. बोट घरी परतताना दीपगृह दिसलं की तो सोबत्यांना म्हणायचा, "आता आर्डिस कोट घालत असेल." आणि खरंच, बोट बंदराच्या कालव्यात शिरायची तेव्हा ती कडेला उभी असायची, वारा कान कापत असला तरी. पुढे रूबेनची आठवण विरत गेली. गॅस चालू राहायला लागला, रस्ते हरवायला लागले, शेवटी त्याला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथे घड्याळ कळत नव्हतं, दिवस कळत नव्हता, कळत होतं एवढंच की आर्डिस इथे नाही. मग तो तिला शोधायला दार ढकलून बाहेर पडायचा. उणे तापमानात, सपाता घालून.

आश्रमाच्या व्यवस्थापक लुंडीनबाईंनी स्पष्टच सांगितलं, "असंच चाललं तर त्यांना कुलूपबंद विभागात हलवावं लागेल. तो विभाग इथे नाही, दूर मिनिआपोलिसला आहे." म्हणजे आर्डिसला रोज भेटणं विसरा.

तिची पाळी तीनला संपायची आणि ती तिथून थेट आश्रमात जायची. आश्रमाच्या दिवाणखान्यात दिवसभर टीव्हीवर तिचाच चॅनेल लावलेला असायचा. एक दिवस जाता जाता तिने तीनच्या ठोक्याला दीपगृह लावलं, सहजच. आश्रमात पोचली तर रूबेन कोट घालून दाराच्या आतल्या बाजूला उभा. "दीपगृह दिसलं," तो म्हणाला. "म्हटलं, येशीलच आता."

झालं. त्या दिवसापासून दीपगृह फक्त तीनला. बाकीचे तास पूल, झाडं, काहीही. सुट्टीच्या दिवशीही ती आदल्या दिवशी यादीत घालून ठेवायची. रूबेन शांत झाला. दीपगृह नाही, म्हणजे आर्डिस नाही, म्हणजे बसून राहायचं. हिशेब त्याला पटला. ऑफिसात मात्र ती याबद्दल चकार शब्द बोलली नाही. इथली माणसं घरचं गाऱ्हाणं कामावर आणत नाहीत. वादळाबद्दल तासभर बोलतील, नवऱ्याबद्दल विचारलं तर "वाईट नाही" म्हणून कॉफी ओततील.

मग कंपनीने ठरवलं की सगळ्या चॅनेलांचा कंट्रोल दूर दक्षिणेतल्या एका शहरातून चालवायचा. तिथे एकेक पोरगं डझनभर चॅनेल सांभाळतं. आर्डिसला निरोपाचा केक मिळाला आणि एक थर्मास. जाताना तिने डेनीला एवढंच म्हटलं, "तिकडच्यांना सांगून तीनला दीपगृह तेवढं राहू दे."

"एवढंच ना? घरी जाऊन निवांत झोप," डेनी म्हणाला, आणि डोळे मिचकावले.

सोमवारी सकाळी ती घरी टीव्हीसमोर बसली. नऊला दीपगृह. योगायोग असेल. दहाला पुन्हा दीपगृह. तेवढ्यात फोन वाजला. आश्रमातली सहरा होती, सोमाली मुलगी, रूबेनची देखभाल करणारी.

"आर्डिसबाई, हे सकाळपासून उठून दारात जाताहेत. मी बसवते, पुन्हा जातात. मघाशी तर मला ढकललंच. मी बोलले नाही कुणाला, पण लुंडीनबाईंनी पाहिलंय."

आर्डिसने डेनीला फोन लावला. "डेनी, काय करून ठेवलंस हे?"

"बघितलंस? दर तासाला लावून घेतलंय!" त्याला कोण आनंद झाला होता. "म्हटलं, एवढी वर्षं घासलीस, तुझी काहीतरी खूण राहू दे. तीनलाच कशाला, चोवीस तास!"

तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"अगं बये," डेनी म्हणाला, "आधी का नाही बोललीस?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

"मी बोलतो त्यांच्याशी. पण आजची यादी पक्की झालीय, आजच्या आज हात लावतील की नाही सांगता येत नाही."

ती निघाली. अकराला काही मिनिटं असताना रूबेनच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. त्याने सभ्यपणे मान हलवली, पाहुण्याकडे बघून हलवतात तशी. ऑफिसच्या काचेआडून लुंडीनबाई पाहत होत्या.

ठोका पडला. पडद्यावर दीपगृह आलं. रूबेन उठला, खुंटीवरचा कोट काढून बटणं लावायला लागला.

"कुठे निघालास रूबेन?" आर्डिसने विचारलं.

"दारात. बायको यायची वेळ झाली," तो म्हणाला. "तुम्ही बसा ना. कॉफी देतील इथे, वाईट नसते."

एवढी वर्षं तिने दहा सेकंदांचं एक चित्र सोडलं होतं आणि त्याच्या मागोमाग स्वतः गेली होती. आज चित्र आलं होतं, माणूस आला नव्हता. रूबेन होल्डवर उभा होता बिचारा.

ती उठली, स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडली आणि गुडघाभर बर्फातून इमारतीला वळसा घालून, धापा टाकत समोरच्या दाराने आत आली.

रूबेनचा चेहरा उजळला. "आलीस! अगं, तुझ्या खुर्चीत कोणी बाई बसली होती. भली होती बिचारी. मी सांगितलं, माझी बायको येतेय म्हणून."

"बरं केलंस," आर्डिस म्हणाली.

तो तिचा हात धरून मुकाट खुर्चीत जाऊन बसला. सहराने त्याचा कोट काढून घेतला, त्याने काढू दिला. लुंडीनबाई बाहेर आल्या. "हे तुम्ही दर तासाला करणार आहात?"

"मला आता काम कुठे आहे?" आर्डिस म्हणाली.

लुंडीनबाईंनी तिच्या ओल्या पायांकडे पाहिलं. "समोरच्या बाजूचा बर्फ काढायला सांगते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाराला थोडा वेळ असताना डेनीचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. "ऐकलं त्यांनी! उद्यापासून दीपगृह फक्त तीनला. चालेल ना?"

रूबेनने तिचा हात केव्हाच सोडला होता आणि पुन्हा पाहुण्याकडे पाहावं तसा तिच्याकडे पाहत होता.

"डेनी," ती म्हणाली, "आहे तसंच राहू दे. दीपगृहामागून आले की ओळखतो तो मला."

तिने फोन खिशात टाकला आणि बारा वाजायच्या आत कोटाची बटणं लावून स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली.