बलबीरचं सुतक

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वैनगंगेला पूर आला आणि आमची इंजिनीअर कंपनी भंडारा जिल्ह्यात पाठवली गेली. मी नायक होतो, घर याच जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीचं. सुभेदार साहेबांनी गोसीखुर्दकडची गावं माझ्या बोटीला दिली. "तेरी बोली है, लोग सुनेंगे," ते म्हणाले.

बोटीवर आम्ही दोघं. मोटर माझ्याकडे. पुढे सॅपर बलबीरसिंग, पंजाबच्या शेतकऱ्याचा मुलगा. उजाडलं की पेट्रोल भरायचं, छपरांवरची माणसं काढायची, शाळेत सोडायची. बलबीरला मराठीतला एकच शब्द येत होता, "आजी". तेवढ्यावर तो म्हाताऱ्या बायांना उचलून आणायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका गावात शिरलो. गावाचे दोन टोले, म्हणजे दोन वस्त्या होत्या, वरचा टोला आणि खालचा. तलावाच्या पाण्यावरून त्यांचं वैर. एकमेकांच्या लग्नाला, मयतीला जात नसत. पुरात दोन्ही टोले देवळाच्या उंचवट्यावर चढले होते, पण तिथेही दोन बाजूंना बसले होते. फेऱ्या करता करता शेवटी अकरा माणसं उरली. एका बोटीत मावली असती.

"सगळे या," मी म्हणालो.

खालच्या टोल्यातला एक म्हातारा जागचा हलला नाही. "त्याईले न्या पहिले. आमी त्याईच्या संगं नाही बसत जी."

वरच्या टोल्याचंही तेच म्हणणं. पाणी चढत होतं. मी वायरलेस सेटवर कळवलं.

"दो चक्कर में होगा?" सुभेदार साहेबांनी विचारलं.

"होगा, साहब."

"जल्दी करो. ओव्हर."

वरच्या टोल्याला सोडून परतलो तेव्हा पाण्याची ओढ वाढली होती. उरलेल्या सहा जणांना घेतलं. मधल्या धारेत वाहून आलेलं झाड बोटीवर आदळलं. एक बाई पाण्यात पडली. बलबीरने उडी मारली, तिला बोटीच्या कडेला आणलं. मी तिला वर ओढलं. पुन्हा हात पुढे केला तेव्हा तो तिथे नव्हता. फांद्यांनी त्याला खाली नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या अंगाला सापडला. रस्ते, रेल्वे बंद. नदीकाठीच सलामी देऊन अग्नी दिला. संध्याकाळी तो म्हातारा आमच्या तंबूपाशी आला. सोबत वरच्या टोल्याची माणसं होती.

"शिखाईत सुतक कसं पाळतेत जी?"

"मले पुरं मालूम नाही. पण ते केस काढत नाहीत."

म्हाताऱ्याने सोबतच्या माणसांकडे पाहिलं. "मंग आमी बी नाही काढत."

पाणी उतरल्यावर दोन्ही टोल्यांनी एकत्र सुतक पाळलं. कोणाच्या चुलीवर फोडणी पडली नाही. न्हाव्याने वस्तरा काढला नाही. रेल्वे सुरू झाल्यावर बलबीरचे वडील आले. मी त्यांना नदीकाठी नेलं. गावातले सगळे पुरुष दाढ्या वाढलेले, एकमेकांत मिसळून उभे होते. वडिलांनी एकेकाचे हात हातात घेतले. मग मला हळूच विचारलं, "ये सब एक ही खानदान के हैं?"

"जी," मी म्हणालो. त्या दिवशी ते खोटं नव्हतं.

काही वर्षांनी निवृत्त होऊन गावी आलो. एकदा मुद्दाम तिकडे गेलो. बलबीरच्या नावाने ओटा बांधायचं ठरलं होतं, पण तो कोणत्या टोल्यात, यावरून भांडण झालं. ओटा झालाच नाही. तलावाच्या पाण्याचा तंटा पुन्हा सुरू होता. म्हातारा जिवंत होता. "तवा एका बोटीत बसलो असतो तं..." एवढंच बोलून थांबला. 

बलबीर चोवीस वर्षांचा होता. त्या दुपारी दोन फेऱ्या कराव्या लागणार म्हणून मी चिडलो होतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उस्ताद, इनके घर डूब गए हैं," तो म्हणाला. "गुस्सा मत करो."