वळणावरच्या झाडाचा चुना

सुदाम एका हातानं झाडाला चुना फासत होता. दुसरा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. बादली दोन पायांत धरायची, काथ्याचा कुंचला बुडवायचा आणि खोडावर फिरवायचा, असं चाललेलं. एका ट्रकवाल्यानं मुद्दाम गाडी हळू केली.

"काय शेठ, सरकारी नोकरी लागली काय? का आता झाडालापण चुना लावतोस?"

सुदामनं कुंचला परत बादलीत बुडवला. त्या झाडाची कमरेपासून खांद्यापर्यंत साल निघालेली, आतलं लालसर लाकूड उघडं पडलेलं. त्याच्यावर चुना धरत नव्हता, ओघळत होता. तो परत फासत होता.

वांगणीहून बदलापूरला येताना नाल्याच्या वळणावर, डाव्या हाताला, अर्जुनाचं झाड. महिन्याभरापूर्वी त्याचा टेम्पो ह्याच झाडावर बसला होता. बाजूला बसलेला चंदर, त्याच्या बायकोचा भाऊ, जागच्या जागी गेला.

सुदाम अंबरनाथचा, बुद्धविहारामागच्या चाळीतला. तीनचाकी टेम्पो चालवायचा. पहाटे वांगणीकडचं दूध उचलायचं आणि उल्हासनगरला कॅम्प पाचातल्या हलवायाकडे टाकायचं. कॅन चढवा-उतरवायला चंदर. सुदाम घुम्या, चंदरचं तोंड कधी बंद नाही. कुणी काय बोलो, त्या लाईनीवर सुदामसारखा ड्रायव्हर नव्हता. दारू नाही, रेस नाही, कधी कुत्रं पण चाकाखाली आलं नाही.

थंडीत तिकडे धुई पडते. त्यात वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, धूर वर जात नाही, धुईत बसून राहतो. मोठी लाईट मारली तर समोर सगळं पांढरंच होतं, रस्ता दिसायचा तो पण जातो. मग ड्रायव्हर लोक झाडांच्या पट्ट्यावर गाडी चालवायचे. रस्त्याकडेच्या झाडांना चुन्याचा पट्टा असतो ना, तो. बाजूला बसलेल्यानं डोकं बाहेर काढून "पट्टा" बोलायचं, ड्रायव्हरनं त्याच्या उजवीकडून गाडी काढायची. पुढचा पट्टा दिसेपर्यंत स्टिअरिंग सरळ. बस, एवढंच शास्त्र.

त्या सकाळी पण तसंच.

"दाजी, पट्टा."

"दिसला."

"म्हातारीची छाती कशी आहे?"

म्हातारी म्हणजे सुदामची आई, द्रौपदीबाई. तिच्या छातीत धडधडायचं.

"रात्रभर बसून असते. डॉक्टरची गोळी खात नाय."

"गोळी नकोच तिला. मी केलीय सोय. पट्टा."

"कसली सोय?"

"कळंल आता पुढे गेल्यावर. तुम्ही रस्ता बघा. माझ्या थोबाडाकडं काय बघता, तुमच्या बायकोचंच आहे ते. मिशी तेवढी जास्त."

सुदाम हसला. मग चंदर काहीच बोलला नाही. पट्टा बोलला नाही, म्हणून सुदामनं स्टिअरिंग सरळ ठेवलं. धुईतून एकदम खोड पुढ्यात आलं, काळं. ब्रेकवर पाय गेला तोवर झालं होतं.

दूध सगळं नाल्यात गेलं. सुदाम शुद्धीत होता, हात मोडलेला. चंदरला हाका मारत होता, मग हाका पण बंद केल्या. कॅनचं एक झाकण रस्त्यात गोल गोल फिरत होतं, तेच बघत बसला.

धुई उठल्यावर पोलीस आले. सुदाम म्हणाला, "साहेब, ह्या झाडाला पट्टा नव्हता."

हवालदारानं मागेपुढे बघितलं. सगळ्या झाडांना पट्टे, दिवाळीला मारलेले. "ह्यालाच नव्हता होय? अरे, टेम्पो घासला म्हणून साल गेली. सालीबरोबर पट्टा गेला. झोपला होतास तू."

वांगणी ते अंबरनाथ सगळ्यांनी तेच धरलं. झोपला आणि मेव्हण्याला मारला. चंदरच्या मयताला कुणीतरी त्याच्या तोंडावर बोललं. सुदामनं ऐकून घेतलं. त्याला रडू येत नव्हतं, जेवण जात नव्हतं. चाळीतली पोरं समोर बसून पत्ते खेळायची, तो पत्त्यांकडे बघत बसायचा आणि कोण जिंकलं ते त्याला माहीत नसायचं.

एकट्या सरस्वतीनं मानलं नाही. भाऊ तिचा गेला होता, तरी नवऱ्याच्या बाजूनं तीच भांडायची. नळावर एक बाई कुजबुजली तर हंडा खाली ठेवून बोलली, "माझा भाऊ पट्टा बोलला नाय म्हणजे पट्टा नव्हता. तो गप बसणाऱ्यातला होता काय? चुना कुणी काढला ते मी शोधीन. त्या वळणावर ठाकर आदिवाशांची घरं आहेत, जाते आणि विचारते एकेकाला."

ती जाणार त्याच्या आदल्या दिवशी सुदाम बादली घेऊन चुना लावायला गेला. परत आला तेव्हा खाकेत एक गाठोडं होतं. झाडाची वाळलेली साल.

"आयेला काढा करून दे," सरस्वतीला म्हणाला. "बाजारातून आणली."

मग तिथंच उंबऱ्यावर बसला.

"उद्या तिकडं जाऊ नको."

"का?"

"माझा डोळा लागला होता."

सरस्वती स्टोव्हला पिन मारत होती. ती हातातच राहिली.

"आणि इतके दिवस बोललात ते?"

"खोटं बोललो."

तिनं पिन जागेवर ठेवली. माहेरी निघून जाईल असं चाळीत सगळ्यांना वाटलं, पण गेली नाही. म्हातारीचं कोण करणार? त्याला ताट वाढायची, आणि तोंड भिंतीकडं. एका खोलीत राहून दोघं वर्षानुवर्षं "मीठ घ्या" आणि "पाणी आलं" ह्याच्यापुढं गेले नाहीत.

सुदाम परत स्टिअरिंगला बसला नाही. कॅम्प पाचात फर्निचरवाल्याकडे हातगाडी ओढायला लागला. सिंधी शेठ म्हणायचा, "साईं, टेम्पो देतो, चला ले ना." हा मान हलवायचा. दर वर्षी थंडीच्या तोंडावर मात्र एसटी पकडून त्या वळणावर जायचा, बादली आणि कुंचला घेऊन. सालीविना उघडं पडलेलं झाड हळूहळू कडेनं भरत आलं. तो नेमानं पट्टा मारायचा. लोक म्हणाले, पाप धुतोय.

द्रौपदीबाई काढ्यावर बरीच वर्षं काढून गेली. सरस्वतीनं तिला पोटच्या आईसारखं बघितलं, शेवटचं पाणी पण तिनंच घातलं. म्हातारी काढा पिताना प्रत्येक वेळी म्हणायची, "चंदर असता तर हसला असता माझ्या तोंडाला." सुदाम तेवढ्यात उठून बाहेर जायचा.

नव्वद सालाच्या पुढं रस्ता रुंद झाला, अर्जुन तोडला. त्या थंडीत पण सुदाम बादली घेऊन गेला आणि भरलेली बादली तशीच परत घेऊन आला. पुढच्या वर्षी काविळीनं गेला.

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी वळणावरच्या घरांतला देऊ नावाचा ठाकर चाळीत आला. सुदामदादा ह्या वर्षी दिसला नाही, म्हणून विचारत आला. गेला म्हटल्यावर ओट्यावर बसला. सरस्वतीनं पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं.

"साल मी काढली होती. आदल्या सांजला. चंदरनं सांगितलं होतं, दाजीच्या आयेच्या छातीला पायजे, सकाळी परततांना घेतो. घराजवळचा झाड त्योच. सुदामदादा पयला चुना लावायला आला तवाच मी त्याला समदा बोललो, गाठोडा पण दिला. तो बोलला, कोनाला सांगू नको, कळला तर म्हातारी काढा प्यायची नाय. म्हातारी गेली तवा मी इचारला, आता सांगू का बाईला? तर बोलला, आता सांगून चंदरला कशाला बोल लावतोस."