दोन जागी खेळणारे जावईबापू

आमच्या आत्याचे जावई एकाच वेळी दोन ठिकाणी असत, आणि एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात ही गोष्ट कोणी फारशी नाकारत नसे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मागच्या अंगणात पंगतीला वरण वाढताना त्यांना आत्याने पाहिलं, आणि त्याच घटकेला मांडवाच्या तोंडाशी वरपक्षाच्या एका म्हाताऱ्या काकांना हात धरून आत आणताना माझ्या वडिलांनी पाहिलं. दोघं भाऊबहीण पुढे कित्येक वर्षं यावरून भांडत राहिले. खुद्द त्यांना विचारलं तर ते साधेपणाने म्हणत, "धावून येतो ना मी. अंतर कितीसं आहे?" पण इतकं धावूनही त्यांच्या सदऱ्यावर घामाचा थेंब दिसत नसे, आणि आत्याला खरी भीती वाटे ती त्याची.

ते एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते. आत्याचे जावई म्हणून आम्ही त्यांना जावईबापू म्हणत असू. मग मिलचे हमाल म्हणू लागले, मग चहावाला, आणि बघता बघता ते सगळ्या गावाचे जावई झाले. जावयाला रागावता येत नाही, त्यामुळे त्यांचं सगळं खपून जाई. काम करताना ते स्वतःशी बोलत. यात नवल काही नाही, पुष्कळ मिस्त्री बोलतात; पण जावईबापू दोन आवाजांत बोलत. एक त्यांचा नेहमीचा, बारीक. दुसरा जरा जाड, सावकाश. जाड आवाजाने काही सांगितलं की बारीक आवाज "हौ" म्हणे आणि काम पुढे सरके. मिलचा मालक पहिल्यांदा घाबरला होता म्हणतात. नंतर त्याच्या लक्षात आलं की एकाच पगारात यंत्रं दुप्पट वेगाने दुरुस्त होतात, आणि त्याची भीती गेली.

त्यांचा हा प्रकार खरा दिसायचा तो फुटबॉलच्या मैदानावर. मी गावच्या टीमचा गोलकीपर, म्हणून मी तो सगळ्यांत जवळून पाहिला आहे. त्या काळी दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड अशी मांडणी असे आणि जो तो आपली जागा धरून राही. जावईबापू कागदावर सेंटर फॉरवर्ड होते. चेंडू समोरच्या गोलाशी असला की ते तिथे असतच. पण उलट हल्ला आला, की माझ्या डाव्या हाताला, लेफ्ट बॅकच्या जागेवर, अनवाणी पावलांचा धप् धप् आवाज येई आणि चेंडू कोणाच्या तरी पायातून हलकेच निघून जाई. वळून पाहावं तर जावईबापू. पावलांचा आवाज मात्र त्यांच्या आधी दोन क्षण पोचलेला असे. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटल्या जात, तेव्हा ते दोन वाटे घेत. एक खात, दुसरा गोलाच्या डावीकडे गवतावर ठेवून येत. मुंग्यांची सोय करतात, असं आम्ही म्हणून हसत असू.

आमचा कप्तान एक ड्रिल मास्तर होता. हे असं इकडे-तिकडे खेळणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. पाटीवर खडूने मैदान काढून तो तासन् तास जावईबापूंना कुठे ठेवावं याचा विचार करी. निम्मी टीम म्हणे, असा गोल करणारा माणूस मागे धाववून कशाला थकवता. निम्मी म्हणे, याला मागेच ठेवा, गोल काय कोणीही करील. शेवटी उकव्याला, तिथल्या मँगनीजच्या खाणीच्या टीमशी, स्पर्धेचा अखेरचा सामना ठरला, तेव्हा मास्तराने पाटीवर मधोमध जाड रेघ ओढली आणि म्हणाला, "जावईबापू, या रेघेच्या मागे पाय टाकायचा नाही. माणूस एक, जागा एक."

जावईबापूंनी पाटीवरच्या रेघेवर बोट ठेवलं. "दुसरीकडे कुठंही चालते, मास्तर," ते म्हणाले. "उकव्याले नोका असं करू."

"काहून?" मास्तराने विचारलं. पण उत्तराची वाट न पाहता त्याने पाटी काखोटीला मारली.

उकव्याचं मैदान जंगलाला लागून होतं. काळसर माती, तीन बाजूंनी सरईची, म्हणजे सालाची, झाडं, आणि हिवाळ्यात दुपार कलली की झाडांतून धुकं उतरे. पहिल्या अर्ध्यात सगळं पाटीबरहुकूम झालं. जावईबापू पुढेच राहिले आणि त्यांनी एक सुंदर गोल केला. मास्तर इतका खूश झाला की त्याने स्वतःच्या वाट्याची संत्री त्यांना दिली.

दुसऱ्या अर्ध्यात आमच्या लेफ्ट बॅकचा पाय मुरगळला. तो मैदानाबाहेर जाऊन बसला. तेव्हा बदली खेळाडू घेत नसत, म्हणून आम्ही दहा उरलो. जावईबापू धावत मधल्या रेघेपर्यंत आले आणि पायाची बोटं चुन्यावर ठेवून थांबले. "मास्तर, मागची जागा खाली झाली. मले जाऊ द्या."

"तिथंच थांबा," मास्तर म्हणाला.

तेवढ्यात धुकं मैदानावर आलं. आधी झाडं गेली, मग समोरचा गोल गेला, मग माणसं. त्यातून खाणीचा एक उंच फॉरवर्ड चेंडू घेऊन एकटाच माझ्या अंगावर आला. मी पुढे झालो. इतक्यात डावीकडून पावलं वाजली, एक काळी आकृती घसरत आली आणि त्याच्या पायातला चेंडू घेऊन बाजूला झाली. ती खांबाशी उभी राहिली. तिची धाप मला ऐकू येत होती; दमेकऱ्यासारखी, लांब लांब.

"शाबास, जावईबापू," मी म्हणालो.

"मी इथं आहो," धुक्यातून, मधल्या रेघेकडून, त्यांचा बारीक आवाज आला.

मी खांबाकडे पाहिलं. तिथे चेंडू होता, बाकी कोणी नव्हतं. तो उंच फॉरवर्ड मटकन खाली बसला आणि रेफ्रीला म्हणाला, "साहब, इनकी गिनती करो." रेफ्रीने आम्हाला ओळीत उभं केलं. दोनदा मोजलं. "दस ही हैं," तो म्हणाला, पण शिट्टी वाजवण्याआधी गोलाच्या खांबामागे डोकावून आला. त्यानंतर खाणीच्या टीमचं कोणी आमच्या डाव्या बाजूला फिरकलं नाही. सामना आम्ही जिंकला. मास्तर सगळ्यांना पाटी दाखवत फिरत होता.

जावईबापू मात्र मैदानाच्या कडेला, सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा ते सांगू लागले. मी त्यांच्या बायकोचा मामेभाऊ, म्हणून मला ते साळेबुवा म्हणत. त्यांचं लहानपण उकव्याचं. वडील खाणीत, आणि हे दोघे भाऊ याच मैदानावर खेळत. हे पुढे, मोठा भाऊ लेफ्ट बॅक. एका पावसाळ्यात भाऊ तापाने तीन दिवसांत गेला. "तवापासून मागची जागा उघडी दिसली का मी धावतो, साळेबुवा. मी गेलो का त्याले यावं लागत नाही. आज मी नाही गेलो."

"पण आपण जिंकलो ना," मी म्हणालो.

"तो थकला होता," ते म्हणाले. "धाप नाही ऐकली का तुम्ही?"

त्या दिवसानंतर जावईबापू नुसते सेंटर फॉरवर्ड उरले, आणि तसे ते बरे खेळत. पण मागे येताना त्यांना दरवेळी दोन पावलं उशीर होऊ लागला. पावलांचा आवाज आता त्यांच्याबरोबरच येई. आम्ही सामने हरायला लागलो. मास्तराने पाटी पुसली, त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, "जावईबापू, तुम्हाला वाटेल तिथं खेळा." ते "हौ" म्हणाले, जीव तोडून धावले, त्यांचा सदरा घामाने चिंब भिजला, आणि तरी ते पोचले नाहीत. मिलमध्येही ते गप्प राहून काम करू लागले. दोन वर्षांनी खेळणं सोडून ते लालबर्ऱ्याच्या एका मिलमध्ये निघून गेले.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो. केस पांढरे झाले होते. चहा झाला, आत्याची चौकशी झाली. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी तो तुमच्याजवळ उभा होता. काही बोलला काय?"

मी धापेशिवाय काही ऐकलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा पाहून मी म्हणालो, "म्हणाला, लहान्या चांगला खेळून राह्यला."

त्यांनी रिकामा कप बाजूला सारला. "तो मले लहान्या कधी नाही म्हणे," ते म्हणाले, आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण बरं सांगतलं तुम्ही."