हेडखालची माती

नलूचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पोह्याचे पापड उलटत होते. नलू म्हणजे माझी धाकटी जाऊ, रोह्याला असते. एरवी फोनवर ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग रोह्यात काय महाग झालं ते सांगते. त्या दिवशी म्हणाली, "ताई, हे गेले." बस, एवढंच. वसंतभाऊजी सकाळचा चहा घेऊन वर्कशॉपचं शटर उघडायला वाकले, ते तिथेच बसले, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी जिना उतरून खाली आले. आमचे हे पडवीत दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. मी सांगितलं. हे आरशातच बघत राहिले आणि म्हणाले, "मी जाणार होतो ना गो त्याच्याकडे…"

जाणार होते, हे खरं. वर्ष होऊन गेलं, जाणारच होते. भावाला एक वाक्य सांगायचं होतं, आणि ते सांगायचं राहून गेलं. आज लिहायला बसले आहे ती त्यासाठीच. ह्यांना विचारून बसले आहे. म्हणाले, लिही, काय लपवू नकोस.

मी लग्न होऊन पेणला आले तेव्हा भाऊजी हाफपँटीत शाळेत जायचे. मी धरमतरच्या खाडीकडची, शाळा लवकर सुटलेली. वाचायची गोडी लागली ती इथे, पापड बांधायला आणलेल्या रद्दीतून. दीर म्हणून 'भाऊजी' म्हणायचं, पण त्यांचं डोकं मीच विंचरून द्यायची. कुठलीही वस्तू खोलून बघायची खोड तेव्हापासूनची. माझा पहिला मिक्सर आला, तो चार दिवसांत ह्या माणसाने सुटा करून वर्तमानपत्रावर मांडला. परत जोडला, आणि जोडला तो असा की चटणी थेट छताला. मी ओरडायला तोंड उघडलं तर म्हणतात, "वहिनी, ताकद वाढली बघ, आता झाकण जड पायजे." असा माणूस. रागवायचं कसं त्याच्यावर?

वडखळच्या रस्त्याला ह्यांचं गॅरेज. पुढे दोघे भाऊ मिळून चालवू लागले. हे इंजिन उतरवायचे, बसवायचे, आणि भाऊजींकडे हेडचं काम. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा जड तुकडा. त्यात बोगद्यासारख्या वाटा असतात, तिथून हवा आत शिरते आणि धूर बाहेर पडतो. त्या वाटा आतून घासून नीट केल्या तर इंजिनाला हवा जास्त मिळते, गाडी जोरात पळते. म्हणून शर्यतीत मोटारसायकली पळवणारे लोक लांबून भाऊजींकडे यायचे. बोट आत घालून, डोळे मिटून घासायचे भाऊजी. माझ्या सासूबाई तांदळातले खडे अशाच डोळे मिटून काढायच्या.

पण घासून हवा खरंच वाढली की नाही, हे कळणार कसं? त्यासाठी दोघा भावांनी एक खोकं बनवलं. प्लायवुडचं, आत जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी, वर एक नळकांडं. नळकांड्यावर हेड ठेवायचं, मोटारी हवा ओढायच्या, आणि बाजूच्या काचेच्या नळीत पाणी चढायचं. पाणी जितकं वर, तितकी हवा जास्त. पाणी दिसावं म्हणून त्यात कपड्यांची नीळ मी टाकून दिली. हेड आणि नळकांडं यांच्या सांध्यातून चोरटी हवा शिरू नये म्हणून त्याला काहीतरी लावायला हवं होतं. आता पेणमध्ये दुसरं काय लावणार? दोन घरं पलीकडे गणपतीचा कारखाना, मी स्वतः तिथे मूर्ती रंगवायला जायची. शाडूच्या ओल्या मातीची वळी करून सांध्याला थापायची, की झालं काम. दोघे खोक्यासमोर उकिडवे बसून निळं पाणी चढताना बघायचे तेव्हा मला तर ते एखाद्या पूजेला बसल्यासारखे वाटायचे.

तो दिवस मला चांगला आठवतो. एका शर्यतवाल्याच्या मोटारसायकलचं हेड आलं होतं. घासण्याआधीचं माप घ्यायचं म्हणून सकाळीच ह्यांनी ते खोक्यावर बसवलं, माती लावली, आणि वीज गेली. आली ती दुपारी जेवणं झाल्यावर. मग हे आले, बटण दाबलं, पाणी कुठवर चढलं तिथे काचेवर खूण केली. पुढे भाऊजींनी दोन-तीन दिवस खपून ते हेड घासलं. गाडीचा मालक न्यायला आला, त्याच्यासमोरच ताजी माती लावून परत माप घेतलं… आणि पाणी खुणेच्या खालीच थांबलं. हवा वाढायची सोडून कमी झाली होती. भाऊजी म्हणाले, दादा, परत एकदा बघू या. ह्यांनी बघितलं नाही. मालकासमोर नाक कापलं गेलं, हेच डोक्यात. म्हणाले, "हात हाय का खुरपं हाय तुझं? ह्याच्या हातात परत ग्राइंडर देऊ नका कोणी."

मी चहा घेऊन दारात उभी होते. भाऊजींनी ग्राइंडरची वायर नीट गुंडाळली, खिळ्याला अडकवली, हात धुतले. चहा प्यायले, माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. ते हसले म्हणून मला वाटलं, निवळेल. पण पंधरवडा गेला नाही तोच ते नलूला घेऊन तिच्या माहेरी, रोह्याला राहायला गेले. त्या मालकाने दुसरं हेड बसवून घेतलं. हे जुनं कोपऱ्यात पडून होतं, ते तेवढं भाऊजींनी मागून नेलं. ह्यांनी नेऊ दिलं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. भांडण मिटतं तरी. इथे तर भाऊजी गौरी-गणपतीला दरवर्षी येत होते, आरतीला ह्यांच्या शेजारी उभे राहत होते, पंगतीत मोदक मागून घेत होते. सगळं बोलायचे, फक्त कामाचं नाही. रोह्याच्या वर्कशॉपात त्यांनी माप घ्यायचं नवीन डिजिटल मशीन आणलं, ते आम्हाला नलूकडून कळलं. फ्लो बेंच म्हणतात त्याला. पाणी नाही, नळी नाही, पडद्यावर सरळ आकडा येतो. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय का… बरं हाय." आमचं प्लायवुडचं खोकं तोवर टायरांच्या खाली गेलं होतं. भाऊजींशिवाय ते वापरणार कोण?

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात एक ओळखीचा माणूस टेम्पोचं हेड घेऊन फारच मागे लागला, तेव्हा ह्यांनी ते खोकं बाहेर काढलं. माती लावली, माप घेतलं, घरी जेवायला आले, थोडे आडवे झाले. परत गेले आणि सहज बटण दाबलं. हेडला कुणी हातही लावला नव्हता, तरी पाणी सकाळपेक्षा वर चढलं. ते तसेच घरी परत आले, चप्पल घालूनच आत. हातात मातीची वळी.

"हे काय हाय गो?"

"माती. शाडू."

"सुकली की काय होतं तिचं?"

"आक्रसते, चिरा पडतात. पेणच्या माणसाला हे मी सांगायचं?"

हे खाली बसले. "त्या दिवशी लाईट गेली होती," म्हणाले. "सकाळी लावलेली माती दुपारपावेतो सुकली. चिरांतनं हवा आली, म्हणून पाणी वर गेलं. माझी खूणच खोटी होती. वसंताचा हात बरोबर होता गो."

ज्या गावात शेंबडं पोरही मूर्तीला चीर पडू नये म्हणून ओलं फडकं टाकायला शिकतं, त्या गावात आमच्या घरात ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. मातीत हात घालून आयुष्य गेलं, पण गॅरेजात आली की ती आमच्यासाठी माती राहतच नव्हती, नुसता मशीनचा एक भाग.

मी म्हटलं, आत्ता फोन लावा. तर म्हणाले, फोनवर नाय, समोर बसून सांगायचं. मग पाऊस झाला, मग गणपती आले. गणपतीत भाऊजी आलेच होते, पण घरात माणसं. मग दिवाळी होऊ दे. शेवटी मीच ह्यांना उठवून रोह्याला नेलं. भाऊजी इतके खूश झाले की काय सांगू, मशीनवरचं कापड स्वतः काढलं, म्हणाले, "दादा, चालू करून दाखवू?" हे मशीनसमोर उभे, हात पाठीमागे बांधलेले. मी नलूला मुद्दाम आत घेऊन गेले, म्हटलं आता बोलतील. कान माझे तिकडेच. ह्यांनी विचारलं, लाईट बिल किती येतं? मग हायवेच्या खड्ड्यांवर आले, कोलाडच्या पुलावर आले. चालू करायचं काय ते पुढच्या वेळी बघू, म्हणाले. येताना कोलाडला चहाला थांबलो, तेव्हा मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. "पुढच्या खेपेला नक्की," म्हणाले, आणि बशीत बघत बसले.

पुढची खेप ही अशी झाली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. नलूने आम्हाला वर्कशॉपात नेलं, लोकांची अर्धवट राहिलेली कामं कुणाकडे सोपवायची ते ह्यांना विचारायला. तिथे ह्यांना राहवलं नाही. मातीचं सगळं त्यांनी नलूला सांगून टाकलं, मान खाली घालून, माझ्यासमोर. नलूने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "दादा, ह्यांना ठाऊक होतं. हे मशीन आलं त्या दिवशी पहिलं तेच हेड लावलं ह्यांनी. तसल्याच न घासलेल्या हेडशी ताडून बघितलं, बिघडलेलं नव्हतं. मी म्हटलं, चला पेणला, दाखवू या दादांना. तर म्हणाले, मी दाखवायला गेलो तर दादा हरेल. त्याचं त्याला कळू दे, कळलं की तो आपणहून येईल." मग म्हणाली, "तुम्ही दोघं आलात ना त्या दिवशी, सकाळीच पुसून लावून ठेवलं होतं. कापडाखाली तेच होतं."

म्हणजे भाऊजी "चालू करून दाखवू?" म्हणाले तेव्हा समोर तेच हेड होतं. आणि आम्ही लाईट बिल विचारलं.

हे मशीनजवळ गेले. मग म्हणाले, "लाव ते." नलूने खालच्या फळीवरून हेड काढून दिलं. ह्यांनीच ते बसवलं, बोल्ट बरोबर आवळले. इथे मातीचं काम नव्हतं, रबराची चकती होती. नलूने बटण दाबलं आणि मशीनने असा काही आवाज धरला की शेजारी बोललेलं ऐकू येईना. पडद्यावर आकडा आला, स्थिर झाला. नलूने तो बघितला. ह्यांनी बघितला नाही. ते हेडवर दोन्ही हात ठेवून वाकले होते आणि बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, एक वाक्य नव्हतं ते, पुष्कळ होतं… मला एक अक्षर ऐकू आलं नाही. माप कधीचं घेऊन झालं होतं. नलूचा हात बटणाकडे गेला, तो मी धरला. म्हटलं, असू दे गं, चालू राहू दे.